आपलं लव्हेंडर कोणतं?

पप्पा कुवेतहून सुट्टीवर यायचे तेव्हा पेटी उघडली की सगळ्यात आधी वास यायचा. खजूर, दूध पावडरचे डबे, साबणाच्या वड्या, आणि कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला टाल्कम पावडरचा एक जांभळा डबा. डब्यावर लिहिलेलं असायचं 'लव्हेंडर'. ते एक फूल असतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर लव्हेंडर म्हणजे पप्पा घरी आल्याचा वास, एवढंच ठाऊक होतं.

गेल्या वर्षी पप्पा कायमचे परत आले. नाताळला त्यांना तोच वास भेट द्यायचा असं मी ठरवलं. ट्यूशनच्या पैशांतून साठवलेले ९०० रुपये घातले आणि फोटो बघून, चार चांगले शेरे वाचून एक परफ्यूम मागवला. बाटली उघडली, तर कापराची वडी कुस्करल्यासारखं काहीतरी नाकात शिरलं. तरी हट्टाने हॉस्टेलच्या खोलीत फवारून बघितलं. माझ्या रूममेटचं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत होतं.

मग मी जरा शोधायला लागले. लव्हेंडर लिहिलेल्या दोन बाटल्या इतक्या वेगळ्या कशा? जे हाती लागलं ते इथे मांडते. निदान तुमचे ९०० रुपये तरी वाचतील.

नाव एक, झाडं तीन

सुगंधाच्या व्यापारात 'लव्हेंडर' या नावाखाली मुख्यतः तीन झाडं येतात. पहिलं 'लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया', म्हणजे खरं लव्हेंडर. याला उंचावरची थंड, कोरडी हवा मानवते. फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स भागातल्या लव्हेंडर तेलाला १९८१ पासून आपल्या जीआय मानांकनासारखा दर्जा आहे आणि त्यासाठी शेत समुद्रसपाटीपासून किमान ८०० मीटर उंचीवर असावं लागतं. दुसरं 'लॅव्हॅन्ड्युला लॅटिफोलिया', ज्याला स्पाइक लव्हेंडर म्हणतात. ते खालच्या, उबदार उतारांवर वाढतं. तिसरं या दोघांचं संकरित अपत्य, 'लॅव्हॅन्डिन'. ते बियांपासून होत नाही, फांद्या लावून वाढवावं लागतं. पण ते दणकट असतं आणि तेल खूप जास्त देतं, म्हणून स्वस्त पडतं. साबण, कपडे धुण्याची पावडर, फरशी पुसायचं लिक्विड यांत जो लव्हेंडरचा वास असतो, तो खऱ्या तेलाचा असेल तर बहुतेक वेळा लॅव्हॅन्डिनचा असतो. नाहीतर प्रयोगशाळेत जुळवलेला.

आपल्या देशातही खरं लव्हेंडर पिकतं. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं भदरवाह त्यासाठी प्रसिद्ध झालंय. तिथल्या मक्याच्या शेतकऱ्यांनी सीएसआयआरच्या 'अरोमा मिशन'मधून लव्हेंडर लावलं. 'जांभळी क्रांती' हे नाव बातम्यांत वाचलं असेल, ती हीच. जम्मूच्या संशोधन संस्थेने विकसित केलेली 'आरआरएल-१२' ही जात तिथे लावली जाते.

नाकात नेमकं काय जातं?

लव्हेंडरच्या तेलात शंभराहून जास्त घटक असतात, पण वासाचा कारभार मुख्यतः दोघे बघतात: लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट. चांगल्या खऱ्या लव्हेंडरमध्ये या दोघांचं प्रमाण प्रत्येकी साधारण २५ ते ४५ टक्के असतं.

नावं परकी वाटली तरी हे वास आपल्याला परके नाहीत. धन्याच्या तेलात सगळ्यात मोठा वाटा लिनालूलचाच असतो. पुढच्या वेळी मसाल्यासाठी धने कुटताना मुद्दाम हुंगून बघा. ती गोडसर, ताजी, किंचित फुलासारखी लहर लव्हेंडरमध्येही सापडते. लिनालिल ॲसिटेट बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीत भरपूर असतं आणि अर्ल ग्रे चहाला वास बर्गमॉटचाच असतो. लव्हेंडरमधला फळासारखा मऊपणा तिथून येतो.

आता माझ्या बाटलीतला कापूर. खऱ्या लव्हेंडरमध्ये कापूर अगदी थोडा असतो, साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. लॅव्हॅन्डिनच्या 'ग्रोसो' या सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या जातीत तो ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जातो. स्पाइकमध्ये आणखी जास्त, आणि वर निलगिरीच्या तेलातलं सिनिओलही. म्हणूनच एखाद्या लव्हेंडरने सर्दीचा बाम आठवतो आणि दुसऱ्याने स्वच्छ चादर.

याचा अर्थ कापूरवालं लव्हेंडर वाईट असं मुळीच नाही. काहींना तो थंड, झणझणीत वासच आवडतो. मात्र आपल्याला काय आवडतं हे माहीत असलं, की लेबल वाचायचं कसं ते कळतं. तेलाच्या बाटलीवर झाडाचं लॅटिन नाव आहे का ते बघा. नुसतं 'लव्हेंडर फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल, तर ते बहुधा मिश्रण असतं. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत मिश्रणाची द्यावी, फुलाची नाही.

परफ्यूममध्ये लव्हेंडर एकटं नसतं

तेल आणि परफ्यूम या दोन वेगळ्या गोष्टी. लव्हेंडरचा वास लवकर उडून जातो. त्याला धरून ठेवायला खाली काहीतरी जड लागतं आणि ते 'काहीतरी' बदललं की सगळ्या परफ्यूमचं व्यक्तिमत्त्व बदलतं.

१८६८ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत कुमारिन बनवलं. कुमारिन म्हणजे वाळलेल्या गवताचा गोड वास. (याच पर्किनने १८५६ मध्ये जांभळा रंग बनवला होता, त्यामुळे माणसाचं जांभळ्याशी जुनंच नातं.) १८८२ मध्ये उबिगाँ या फ्रेंच कंपनीचं 'फुजेर रोयाल' बाजारात आलं. त्यात लव्हेंडर, कुमारिन आणि ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलासारख्या लायकेनचा वास होता. 'फुजेर' म्हणजे नेचा. नेच्याला स्वतःचा म्हणावा असा वासच नसतो, तरी या मिश्रणाने एका अख्ख्या घराण्याला नाव दिलं. सलूनमध्ये दाढीनंतर जो वास दरवळतो, तो बऱ्याचदा याच घराण्यातला.

नंतर १८८९ मध्ये गेर्लँचं 'जिकी' आलं, लव्हेंडरला व्हॅनिलाची जोड देणारं. १९३४ च्या कारोनच्या 'पूर अन ओम'मध्ये लव्हेंडर-व्हॅनिलाची ती जोडी आणखी ठळक झाली. १९९५ च्या 'ल माल'मध्ये सोबतीला पुदिना आला. आणि लव्हेंडर पुरुषांचं, असं म्हणेपर्यंत २०१९ मध्ये 'लिब्र'ने ते संत्र्याच्या फुलांबरोबर बायकांसाठी आणलं. म्हणून "मला लव्हेंडर आवडतं" एवढं सांगून दुकानदाराला काहीच कळत नाही. गवतासारखं, व्हॅनिलासारखं गोड की साबणासारखं स्वच्छ, ते सांगावं लागतं.

निवडायचं कसं?

चुकत-माकत शिकलेल्या काही गोष्टी:

एका वेळी तीनच वास घ्या, फार तर चार. त्यापुढे नाक थकतं आणि सगळं सारखंच वाटायला लागतं. मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घेतला की नाक पुन्हा जागेवर येतं.

आधी कागदावर, मग मनगटावर. ड्रॉइंगच्या कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर नावं लिहिली की झालं. पहिल्या पाच मिनिटांवर भुलून विकत घेऊ नका. लव्हेंडर वर-वरच राहतं, तीन-चार तासांनी अंगावर जे उरतं ते त्याच्या खालचं असतं. दिवसभर तुमच्यासोबत तेच राहणार.

निव्वळ तेल थेट कातडीवर लावू नका. खोबरेल तेलात थेंबभर मिसळून कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि एक दिवस थांबा. हवा लागली की लिनालूल हळूहळू बिघडतं आणि अशा जुन्या तेलाने काहींना पुरळ येतं. म्हणून लहान बाटली घ्या, झाकण घट्ट लावा, उन्हापासून दूर ठेवा.

आणि शेवटचं, जे मी रूममेटकडून शिकले: वास फक्त घेणाऱ्याचा नसतो. वर्गात, बसमध्ये, मिस्साला बाकावर आपल्या शेजारी बसलेल्याला नाक बंद करता येत नाही. एक फवारा पुरतो.

किंमतीचा प्रश्न

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात मरिया येशूच्या पायांना मौल्यवान सुगंधी तेल लावते आणि सगळं घर त्या वासाने भरून जातं. ते लव्हेंडर होतं असं कुणी कुणी सांगतं. 'स्पाइक' आणि 'स्पाइकनार्ड' या नावांमुळे हा घोळ होत असावा. सर्वसाधारणपणे ते हिमालयातल्या जटामांसीचं तेल मानलं जातं. त्या प्रसंगात यहूदा लगेच हिशोब काढतो: तीनशे दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई. यहूदाचा हेतू शुभवर्तमानातच उघडा पाडलाय. पण त्याने विचारलेला प्रश्न दुकानात उभी असताना माझ्याही मनात येतोच. एवढे पैसे वासासाठी? याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कुणासाठी घेतोय हे ठाऊक असलं की प्रश्न थोडा सोपा होतो, एवढं मात्र खरं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी पप्पांपुढे तीन पट्ट्या ठेवल्या. एक माझ्या फसलेल्या परफ्यूमची, एक मैत्रिणीकडून थेंबभर मागून आणलेल्या व्हॅनिलावाल्या परफ्यूमची, आणि एक भदरवाहच्या तेलाची. त्याची १० मिलिची छोटी बाटली मी नंतर घेतली होती. पहिली पट्टी नाकाशी नेताच पप्पा म्हणाले, "अगं, हा तर आमच्या कॅम्पच्या लाँड्रीचा वास." दर शुक्रवारी बावीस जणांचे कपडे एकत्र धुतले जायचे, म्हणाले. त्याच दिवशी घरी फोन लावायचे. पट्टी त्यांनी हळूच उलटी करून टेबलावर ठेवली.

मला जो घरी आल्याचा वास वाटायचा, तो त्यांच्यासाठी घरापासून लांब असल्याचा होता. लॅव्हॅन्डिन धुण्याच्या पावडरीत असतं, हे मी वाचलं होतं. वर लिहिलंयही. पण ते वाचून मला हे सुचलं नव्हतं.

व्हॅनिलावाली पट्टी त्यांना "केकसारखी" वाटली. तिसरी त्यांनी दोनदा हुंगली. "हे बरं आहे. धन्यासारखं काहीतरी." ती बाटली आता त्यांच्या कपाटात आहे. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून ते शर्टांच्या घडीत ठेवतात. त्या जांभळ्या डब्याचा वास मला अजून सापडलेला नाही, आणि मी शोधणंही सोडलंय. त्यात खजूर होते, साबण होता, पेटीचं रेक्झिन होतं. तो कुठल्या बाटलीत मिळणार?