बार एकाचा, कान साऱ्यांचे

पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफांचे बार होतील, तोवर बाजीप्रभूंनी खिंड लढवायची; १३ जुलै १६६० ची ही परंपरेने जपलेली कथा मराठी घरात पोरासोरांनाही पाठ असते. त्या तोफांनी कुणाचा जीव घेतला नाही, फक्त निरोप दिला. आणि निरोप पोहोचला तो मोठ्या आवाजामुळे नव्हे. त्या आवाजाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आधी ठरवलेला होता म्हणून. वीतभर लांबीच्या पितळी संकेत-तोफेचा शौक मुंबईतल्या जोगेश्वरीत करता येईल का, हे ठरवतानाही पहिला प्रश्न तोच: ऐकणाऱ्यांचे काय ठरले आहे?

जगभरच्या बंदरांनी वेळ कळवण्यासाठी असाच करार पाळला. केपटाउनला १८०६ पासून दुपारची तोफ उडते. पहिली फुसकी गेली तर हाताशी असावी म्हणून दुसरी भरून ठेवतात. एडिंबरात १८६१ पासून दुपारी एकची तोफ सुरू झाली, आणि आवाज कुठल्या भागात किती सेकंद उशिरा पोहोचतो याचा नकाशाच छापला गेला. मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेल्या वेसाव्याच्या, म्हणजे मढच्या किल्ल्यावरून आज बार काढला, तर जोगेश्वरी स्टेशनपर्यंतचे सुमारे सहा किलोमीटर कापायला आवाजाला सतरा सेकंद तरी लागतील. धूर मात्र लगेच दिसेल. काळ्या दारूचा दाट पांढरा धूर बंदुकबाजाला नडत असे. दुरून तोफेकडे डोळे लावून बसलेल्याला तोच कामाचा होता.

शौकिनाला भुरळ घालते ती या साध्या यंत्राची शिस्त. सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, एवढीच ही दारू. पण जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. नळीत काजळी साचते, कुठेतरी ठिणगी धुगधुगत राहते. म्हणून दुसरा बार भरण्याआधी ओला बोळा गजाने तळापर्यंत फिरवायचा. याचा कंटाळा केला की गोलंदाजाचे हात जात.

यावर आक्षेप येतो की गोळा टाकायचाच नाही, नुसता बार काढायचा, मग हरकत कसली? पण १९५९ चा शस्त्र कायदा शौकिनाचा हेतू विचारत नाही. वस्तू कशासाठी घडवली आहे हे पाहतो, आणि तोफांची गणना निषिद्ध शस्त्रांत करतो. दारूसाठी १८८४ चा स्फोटक कायदा वेगळाच. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या, तोंडाने भरायच्या तोफा आणि त्यांच्या प्रतिकृती केंद्रीय बंदूक कायद्यातून बहुतांशी सुटतात, हे खरे; पण तिथला शौकीन बहुधा मोकळ्या रानात असतो. दुसरा आक्षेप सुतळी बॉम्बचा: तो चालतो, मग तोफ का नको? तर फटाक्यालाही चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर बंदी. शिवाय कागदाचा बॉम्ब एकदाच फुटतो. धातूची नळी पुन्हा पुन्हा भरली जाते, तडकली तर तिच्या चिंध्या होत नाहीत, तुकडे उडतात. आणि जोगेश्वरीतल्या गुंफा रोडच्या दाटीत ते कुणाच्या तरी खिडकीतच जाणार.

मग परंपरेचे काय? कोल्हापुरात अंबाबाईच्या मंदिरात नवरात्राची घटस्थापना तोफेच्या सलामीने होते. शहर तो बार सहन करत नाही, त्याची वाट पाहते. कारण दिवस ठरलेला, जबाबदारी नेमून दिलेली आणि अर्थ सर्वांना ठाऊक. जोगेश्वरीच्या गच्चीवरच्या खासगी तोफेपाशी यातले काहीच नसते. तिथे कान, म्हणजे बत्तीचे छिद्र, न पाडलेली, भरीव पितळेची प्रतिकृती खुशाल बाळगावी, तिचा गाडा हाताने घडवावा, गोलंदाजीचा इतिहास अभ्यासावा. शौकाचा मोठा भाग त्यातच आहे. उरलेला भाग, म्हणजे प्रत्यक्ष बार, एकट्याच्या मालकीचा कधी नव्हताच. तो हवा असेल तर आधी गावाची संमती मिळवावी लागते, आणि ती कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.