काळ्या दगडाखालचा जुना खडक : दगडाच्या धंद्यातील बांधवांसाठी

शिरड शहापूरच्या शिवारात विहीर खणली की काळा दगड लागतो. आपले गवंडी, पाथरवट आणि फरशीचे दुकानदार याच दगडावर वाढले. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून तयार झालेला. त्याच्या खाली याहून फार जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा स्फटिकी खडक आहे : ग्रॅनाइट आणि पट्टेदार नाइस.

तो किती खोल असतो? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटर काळा दगड, मग थोडा गाळाचा थर आणि त्याखाली हा जुना खडक लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे मात्र तो उघडाच दिसतो.

अशा भागाचा नकाशा करताना भूवैज्ञानिक नाले, विहिरी, खाणी पायी पालथ्या घालतात. कोणता दगड कोठे संपतो, पट्टे कोणत्या दिशेला जातात आणि किती कलतात, हे होकायंत्राने मोजून नकाशावर मांडतात. हातोड्याने ताजा तुकडा काढून त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातील खनिजे ओळखू येतात.

ग्रॅनाइटमध्ये मुख्य खनिजे तीन. काचेसारखे दिसणारे क्वार्ट्‌झ, पांढरे किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि चमकणारा अभ्रक. धंद्याला याचा उपयोग असा :

१) फेल्डस्पार खडूसारखे भुरभुरीत झाले असेल, तर तो माल पॉलिश धरत नाही. चाकूच्या टोकाने खरवडून पाहावे.

२) बाजारातला 'काळा ग्रॅनाइट' बहुधा ग्रॅनाइट नसतो. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. माल चांगला असू शकतो, पण विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला खरे सांगावे. मापातोलाइतकीच ही अमानत आहे.

३) लिंबाच्या रसाने संगमरवराची चकाकी जाते, ग्रॅनाइटला तो काही करत नाही. ओट्यासाठी दगड देताना हे लक्षात ठेवावे.

४) खाणीचा माल घेताना गौण खनिजाची रॉयल्टी व वाहतूक पास पाहावा.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. बेसाल्टमध्ये मोकळे क्वार्ट्‌झ जवळजवळ नसते, ग्रॅनाइटमध्ये ते पाचव्या हिश्शाहून अधिक असते. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि त्यावर उतारा नाही. काळ्या दगडावर उमर काढलेला कारागीर ग्रॅनाइट कापायला बसला, की जुन्या सवयीने कोरडाच कापतो. आमची विनंती आहे की पाणी सोडूनच कापावे. तोंडावरचा रुमाल ही धूळ अडवत नाही, चांगला मास्क घ्यावा. मालक बांधवांनी तो स्वतःच्या खर्चाने द्यावा. कारागिराचा दम शाबूत राहिला, तरच धंद्यात बरकत.