पाचाडची समाधि

महाडहून रायगडाकडे निघालेल्या प्रवाशाची दृष्टि गडाच्या माथ्याकडे लागलेली असते. पायथ्याचें पाचाड हें गांव त्याला केवळ वाटेवरचा विसांवा वाटतें. परंतु राजमाता जिजाबाईंची समाधि याच गांवीं आहे.

समाधि म्हणजे कबर नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. संन्याशाचा देह भूमींत ठेवतात, त्या जागेस समाधि म्हणतात. गृहस्थाश्रमी माणसास अग्नि देतात. परंतु त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या चौथऱ्यास अथवा वृंदावनासहि रूढीनें तेंच नांव मिळालें आहे.

जिजाबाईंच्या आप्तांच्या समाधि कोठें आहेत हें पाहिलें, म्हणजे त्यांच्या आयुष्याचा पट उलगडतो. वडील लखुजी जाधवराव १६२९ सालीं निजामशाही दरबारांत मारले गेले. त्यांची समाधि विदर्भांत सिंदखेडराजा येथें आहे. पति शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्यें दूर कर्नाटकांत, होदिगेरे येथें, शिकारीच्या वेळीं घोड्यावरून पडून वारले. त्यांची समाधि तेथेंच आहे. ती वार्ता येतांच जिजाबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या, आणि शिवाजीमहाराजांनीं परोपरीनें विनवून त्यांना थांबविलें, असें बखरी सांगतात.

त्या विनवणीचें मोल पुढील दहा वर्षांनीं दाखवून दिलें. १६६६ सालीं महाराज आग्र्यास अडकले असतां मागें राज्याला आधार होता तो या मातेचा. रायगड राजधानी झाला. पण गडावरील थंड वारा उतारवयांत त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनीं पाचाडास तटबंदीचा वाडा बांधून दिला. त्याच्या भिंती व विहिरी आजहि पाहावयास मिळतात.

६ जून १६७४ रोजीं महाराजांना राज्याभिषेक झाला. १७ जून रोजीं पाचाडास जिजाबाईंनीं देह ठेवला. मध्यें गेले ते अवघे ११ दिवस! पित्याचा घात आणि पतीचा वियोग सोसलेल्या या मातेला पुत्राचें छत्रसिंहासन मात्र डोळ्यांनीं पाहतां आलें.

पुढें ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज रायगडावर निवर्तले. त्यांची समाधि जगदीश्वराच्या देवळानजीक आहे. आई पायथ्याशीं, मुलगा माथ्यावर. मध्यें एक चढण. ती चढूं लागण्यापूर्वीं पाचाडास क्षणभर थांबावें. गडाचा इतिहास येथूनच सुरू होतो.