आखातातला पैसा, घरातलं शहाणपण

मैत्रिणींनो, रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष दुबई-कुवेतला कमावतात. तिथली नोकरी संपली की सहसा पेन्शन नसतं. मग सगळी शिल्लक प्लॉट अन् सोन्यातच कशाला अडकवायची?

दिरहम बँकेच्या एनआरई खात्यात पाठवले, की रुपयांत जमा होतात. केवायसी करून त्याच खात्यातून निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात दरमहा थोडी रक्कम घालता येते. हा फंड निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांचेच शेअर घेतो. निवडीची कटकट नाही, म्हणून खर्चही कमी. बाजार पडतोसुद्धा हं! म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे घाला.

आणि नॉमिनी म्हणून आपलं नाव लागलंय का, ते आज रात्रीच्या फोनवर विचारा. त्यात संकोच कसला?