पोडावरील शाळा आणि तिचा पट

एखाद्या शाळेच्या पटावर अवघी पंधरा-सोळा नावे आहेत असे कानी आले, की ती शाळा ओस पडत चालली असावी, असा ग्रह सहजच होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत मात्र हा ग्रह पारखून घेणे इष्ट ठरते.

या भागातील कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. मूळ गावापासून दूर, बहुधा जंगलाच्या कडेने वसलेले पोड थोडक्या घरांचेच असते. पंचवीस घरांच्या पोडात प्राथमिक शाळेच्या वयाची मुले असणार तरी किती? ती सर्वच्या सर्व शाळेत आली, तरी चार-पाच इयत्ता मिळून पट विसाच्या आतच राहावयाचा. येथे अल्प पट हा अनास्थेचा नव्हे, तर वस्तीच्या आकाराचा निदर्शक होय.

कातकरी व माडिया गोंड यांच्यासमवेत कोलाम ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांची कोलामी भाषा द्राविडी कुळातील. घरी ती बोलणाऱ्या मुलाला पहिलीत अक्षरांबरोबर मराठीही नव्याने शिकावी लागते. हे काम चाळीस मुलांच्या वर्गापेक्षा सोळा मुलांच्या शाळेत अधिक साधते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. पट ६० पर्यंत असल्यास शिक्षक दोन. पट फुगवण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. २०२३ मध्ये प्रश्न उलट बाजूने पुढे आला: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून ‘समूह शाळा’ उभाराव्यात काय? तोरणमाळ व पानशेत येथील प्रयोग त्यासाठी पुढे ठेवण्यात आले. ग्रंथालय, क्रीडांगण, विषयवार शिक्षक हे समूह शाळेचे लाभ निर्विवाद आहेत.

परंतु पोड आणि मोठे गाव यांच्यामध्ये पावसाळ्यात नाला वाहतो. कापूसवेचणीच्या हंगामात आईबाप दिवसभर शेतात असतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळणे थोरल्या मुलीकडे येते. शाळा पोडातच असेल, तर ती त्याला कडेवर घेऊन वर्गात येऊन बसू शकते. तीन किलोमीटरवरच्या शाळेत तिची गैरहजेरी लागते. म्हणून एखाद्या शाळेविषयी निर्णय घेताना पटाच्या आकड्याशेजारी पोडातील मुलांची एकूण संख्या, वाटेतील नाला व घरची भाषा यांचीही नोंद असावयास हवी.