ससा जेवीनासा होतो तेव्हां
(नभोवाणीवरील भाषण)



घरांत पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत सशाइतका अबोल प्राणी क्वचितच आढळेल. कुत्रा भुंकून, मांजर पायांत घोटाळून आणि पोपट पिंजरा डोक्यावर घेऊन आपलें गाऱ्हाणें घरच्या माणसांच्या कानीं घालतो. सशाला ती सोय नाहीं. शहरांतील लहान जागेंत शेजाऱ्यांना उपद्रव न देतां राहतो, म्हणून आज पुष्कळ कुटुंबांत ससा आणला जातो आणि थोड्याच दिवसांत तो मुलांचा लाडका होतो. परंतु ज्या शांतपणामुळें तो आपणांस प्रिय वाटतो, त्याच शांतपणामुळें त्याचें दुखणें आपल्या ध्यानांत उशिरां येतें. आज मी ज्या दुखण्याविषयीं बोलणार आहें, त्यांत सशाच्या आंतड्यांची हालचाल मंदावते, आणि वेळींच उपाय न झाल्यास ती अगदीं थांबते. पाळीव सशांच्या आजारांत हा प्रकार फार वेळां दिसतो, आणि दोन दिवसांच्या आंत प्राण जाण्याइतका तो गंभीर होऊं शकतो.

या बाबतींत आपल्याकडील एक जुनी समजूत सशाच्या जिवावर बेतते. पोट बिघडलें कीं लंघन करावें, हा आपल्या घराघरांतील नियम आहे. मुलाला अपचन झालें कीं आजीबाई त्याला एक वेळ उपाशी ठेवतात, आणि बहुधा त्याला बरेंहि वाटतें. तोच न्याय आपण सशाला लावतों. "आज खात नाहीं, पोट जड असेल, उद्यां सकाळीं पाहूं," असें म्हणून आपण दिवा मालवतों. सशाच्या बाबतींत ही रात्रच घातक ठरते. तें कां, हें समजण्यासाठीं त्याच्या पोटाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

आपला पाळीव ससा हा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या देशांतील रानसशाचा वंशज आहे. आपल्या माळरानावर धूम पळतांना दिसतो तो ससा निराळ्या जातीचा. पाळीव सशाचे पूर्वज रुक्ष प्रदेशांतील चरबट गवतावर जगत आले आणि त्या अन्नाला साजेसेंच शरीर निसर्गानें त्यांना दिलें. त्यांचे दांत जन्मभर वाढत असतात. पुढचे दांत तर वर्षाकाठीं चार-पांच इंच वाढतात व गवत चावतां चावतां तितकेच झिजतात. पोट सहसा कधींच रिकामें नसतें. शिवाय सशाला उलटी करतां येत नाहीं. पोटांत गेलेलें अन्न पुढें सरकलें तरच सुटका. मागें फिरण्याचा मार्ग त्याला बंद आहे.

लहान व मोठें आंतडें जेथें एकमेकांस मिळतात, तेथें सशाला एक मोठी पिशवी असते. तिला अंधनाल म्हणतात. मनुष्याच्या पोटांत हा भाग अगदीं लहान असतो. सशांत मात्र पचनमार्गांतील एकूण ऐवजापैकीं सुमारें ४० टक्के एकट्या या पिशवींत सांपडतो. तिच्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात आणि गवतांतील बारीक अंश आंबवून त्यापासून पोषक द्रव्यें तयार करतात. गवताचे जाड तंतु पिशवींत न जातां पुढें ढकलले जातात व त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या होतात. पिशवींतील मऊ ऐवज बाहेर पडतो तो द्राक्षांच्या घोसासारख्या चिकट गोळ्यांच्या रूपानें, आणि ससा त्या गोळ्या तेथल्या तेथें पुन्हां खाऊन टाकतो. मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ सालीं या प्रकाराचें वर्णन केलें. पाहणाऱ्यास किळस वाटेल, पण सशाला जीवनसत्त्वें व प्रथिनें मिळण्याची ही एक वाट आहे. त्याला त्यापासून परावृत्त करूं नये.

आतां या सर्व यंत्राला गति देणारी वस्तु कोणती? तर गवतांतील जाड तंतु. सशाच्या शरीराला त्यांचें पोषण फारसें होत नाहीं, पण आंतड्यांना चेतना मिळते ती त्यांच्यामुळेंच. हे तंतु कमी पडले, कीं गाडा मंदावतो. पोटांतील ऐवज रेंगाळतो. त्यांतील पाणी शोषलें जाऊन तो घट्ट होतो. अंधनालेंतील उपयुक्त जंतु घटून वायु उत्पन्न करणारे जंतु माजतात. वायूनें आंतडें ताणलें गेलें कीं कळा येऊं लागतात. कळांमुळें ससा खात नाहीं. आणि न खाल्ल्यामुळें आंतडें आणखी मंदावतें. असें हें दुष्टचक्र आहे. अन्न तुटल्यावर शरीर आपली चरबी वापरूं लागतें आणि तिचा भार यकृतावर पडतो. लठ्ठ सशांत हें फार झपाट्यानें होतें. म्हणजे जें लंघन आपल्याला औषध वाटतें, तें सशाच्या बाबतींत रोगाचेंच एक अंग आहे.

पूर्वीं असें समजत, कीं अंग चाटतांना पोटांत गेलेल्या केंसांचा गोळा होऊन तो वाट अडवतो. वस्तुतः निरोगी सशाच्या पोटांतहि केंस असतातच, आणि ते गवताबरोबर बाहेर जातात. पोट मंदावून पाणी कमी झालें, म्हणजे ते केंस व अन्न यांचा घट्ट लगदा होतो. बहुतेक वेळां केंसांचा गोळा हा मंदावण्याचा परिणाम असतो. तो फोडण्यासाठीं अननसाचा रस पाजण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. पण केंस त्या रसानें विरघळत नाहींत आणि त्यांतील साखर मात्र बिघडलेल्या पोटांत भर घालते.

हें दुखणें ओळखावें कसें? निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशें लेंड्या टाकतो. त्या लहान, काळपट, वेड्यावांकड्या होऊं लागल्या किंवा केंसांत ओंवलेल्या माळेसारख्या पडूं लागल्या, तर ती पहिली सूचना समजावी. दुसरी सूचना भुकेची. आवडीची कोथिंबीर नाकापुढें धरली असतां ससा तोंड फिरवतो. तिसरी त्याच्या बसण्याची: तो कोपऱ्यांत पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून बसतो, कधीं पोट जमिनीशीं दाबून धरतो, कधीं करकर दांत खातो. ससा हा शिकारी जनावरांचें भक्ष्य असल्यामुळें वेदना लपविणें त्याच्या स्वभावांतच आहे; ती दिसूं लागली म्हणजे बरीच वाढली आहे असें धरून चालावें. दहा-बारा तास सशानें कांहीं खाल्लें नाहीं किंवा लेंडी टाकली नाहीं, तर रात्र असो कीं सुटीचा दिवस असो, पशुवैद्याला गांठावें.

वैद्याकडे पोंचेपर्यंत घरीं काय करावें? ससा शांत जागीं ठेवावा. कान गार लागत असतील, तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलांत गुंडाळून त्याच्या शेजारीं ठेवावी, पण ऊब नकोशी झाल्यास दूर सरकण्याइतकी जागा त्याला असावी. सशाच्या अंगाची उष्णता साधारणतः १०१ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. ती १००च्या खालीं उतरणें हें धोक्याचें लक्षण आहे. उन्हाळ्यांत मात्र ससा धापा टाकत असेल व कान तापले असतील, तर तो उष्माघात असूं शकतो. तेथें ऊब देणें उलट घातक होईल. पाणी, ताजें गवत, थोडा पुदिना किंवा कोथिंबीर जवळ ठेवावी. त्याचा जोडीदार ससा असल्यास त्याला बरोबरच राहूं द्यावें, कारण ताटातूट हीसुद्धां सशाच्या पोटाला भोंवते.

काय करूं नये, हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. एरंडेल किंवा तूप पाजूं नये. माणसांच्या कपाटांतील कोणतेंहि औषध देऊं नये. अमॉक्सिसिलिनसारखीं औषधें आपण मुलांनाहि देतों. पण तीं सशाच्या तोंडांतून पोटांत गेलीं तर अंधनालेंतील उपयुक्त जंतूंचा नाश होऊन प्राणघातक विषार उत्पन्न होऊं शकतो. आणि पोट एकाएकीं नगाऱ्यासारखें फुगलें असेल, तर तोंडांत अन्न मुळींच घालूं नये व पोट दाबूंहि नये. तेथें आंतड्यांत खरोखरीचा अडथळा असण्याचा संभव असतो.

हा फरक ठरविणें हें पशुवैद्याचें पहिलें काम. तो पोट चांचपतो, क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतो आणि रक्तांतील साखर मोजतो. ही साखर फार चढली असेल, विशेषतः शंभर घनसेंटिमीटर रक्तांत ३६० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर अडथळ्याची शंका बळावते. अडथळ्यास कधीं शस्त्रक्रिया लागते. नुसतें मंदावणें असेल तर उपचार औषधांचा व शुश्रूषेचा. कातडीखालीं किंवा शिरेंतून क्षारयुक्त पाणी देतात, म्हणजे पोटांतील घट्ट ऐवज सैल होतो. वेदना थांबविण्याचें औषध देतात. याला दुय्यम मानूं नये, कारण कळा थांबल्याविना ससा तोंड उघडत नाहीं. जरूर तर आंतड्यांना चालना देणारें औषध देतात. मूळ कारणहि शोधावें लागतें. पुष्कळदां तें दाढांत सांपडतें: दाढेला टोंक येऊन जिभेला किंवा गालाला जखम झालेली असते.

यानंतर घरच्या माणसांचें काम सुरू होतें, आणि ससा वांचणें बरेंचसें त्यावर अवलंबून असतें. अडथळा नाहीं अशी वैद्याची खात्री झाली, म्हणजे सशाला हातानें भरवावें लागतें. यासाठीं गवताच्या तंतूंनीं युक्त अशी तयार पूड मिळते. ती न मिळाल्यास सशाच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यांत भिजवून बारीक वाटाव्या. ससा टॉवेलांत गुंडाळून चारी पायांवर बसता ठेवावा. त्याला उताणा कधीं करूं नये. सुई काढलेल्या पिचकारीचें टोंक पुढच्या दांतांच्या मागें, तोंडाच्या बाजूनें घालावें आणि थोडें थोडें द्यावें. पहिला घांस चावून गिळल्यावरच दुसरा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेंत जातें. सामान्यतः दर किलो वजनामागें दिवसाला ५० घनसेंटिमीटर हें प्रमाण धरतात. म्हणजे दोन किलोच्या सशाला १००, आणि तेंहि चार-पांच वेळां विभागून. आपल्या सशाचें नेमकें प्रमाण वैद्यानें सांगितलेलें असावें.

पहिली लेंडी पडते तो घरांत आनंदाचा क्षण असतो, पण भरवणें तेवढ्यावर थांबवूं नये. आरंभींच्या लेंड्या लहान व केंसाळ असतात. हळूहळू त्या मोठ्या व फिकट होत जातात. ससा आपण होऊन गवत खाऊं लागला, लेंड्या पूर्ववत् झाल्या, म्हणजे भरवणें कमी करीत जावें. या दिवसांत लाडापोटीं केळें, बिस्किट, पोळीचा तुकडा देण्याचा मोह होतो, तो आवरावा. साखर व पीठ यांनीं बिघडलेले जंतु अधिकच बिघडतात. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतील ससा नेहमीं गाजर खातांना दिसतो. पण गाजरहि गोड असल्यामुळें तें क्वचित् व चिमूटभरच द्यावें.

पुन्हां हा प्रसंग येऊं नये, यासाठीं उपाय साधे आहेत. सशाच्या आहारांत चार-पंचमांशाहून अधिक भाग गवताचा असावा आणि तें रात्रंदिवस त्याच्या पुढें असावें. आपण गणपतीला वाहतों त्या दूर्वा त्याला उत्तम मानवतात, मात्र त्या फवारणीच्या किंवा रस्त्याकडेच्या नसाव्या. लसूणघास पौष्टिक खरा, पण मोठ्या सशाला तो रोजचा चारा म्हणून देऊं नये. पावसाळ्यांत कुबट वास येणारें गवत फेंकून द्यावें. पाणी पसरट, जड वाडग्यांत ठेवावें. रोज कांहीं तास मोकळें बागडूं द्यावें. दिवाळींतील फटाक्यांच्या वेळीं त्याला घरांतील आंतल्या खोलींत, लपावयास खोकें देऊन ठेवावें. वर्षांतून एकदां तरी दाढा तपासून घ्याव्या.

आणखी एक गोष्ट आजच करून ठेवण्यासारखी आहे. मुंबईंत परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं स्थापन झालें; त्या काळीं या विद्येचा भर घोडे व गुरेंढोरें यांवर होता. ससा हा शहरी घरांत मागाहून आलेला पाहुणा. आजहि प्रत्येक पशुवैद्याला सशाचा सराव असतोच असें नाहीं. म्हणून आपल्या गांवांत सशावर उपचार करणारा वैद्य कोण, रात्रीं तो कोठें भेटतो, याची चौकशी ससा धडधाकट असतांनाच करावी आणि तो पत्ता घरांत सर्वांना दिसेल अशा जागीं लिहून ठेवावा.

सशाच्या पुढ्यांतील गवत सकाळीं जसेंच्या तसें दिसलें आणि खालचा कागद कोरा दिसला, तर तें त्याचें गाऱ्हाणेंच समजा. आपल्याला तो याहून स्पष्ट सांगूं शकत नाहीं. तें पाहण्याची संवय घरांतील एका माणसाला, मग तें लहान मूल असलें तरी चालेल, रोज सकाळ-संध्याकाळ लावून द्यावी.