मुनिरका परिसरात अंडी लपवण्याच्या नाना तऱ्हा

उन्हाळा सुरू झाला, की दक्षिण दिल्लीतील मुनिरका परिसरात टिटवीचा कर्कश आवाज रात्री-अपरात्रीही ऐकू येऊ लागतो. एकीकडे मुनिरका गावातील दाटीवाटीच्या इमारती आणि लगतच अरवलीच्या खडकाळ जमिनीवर वसलेला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, अशा या भागात अनेक पक्षी अंडी घालतात. अंड्याला पळून जाता येत नाही. त्यामुळे त्याला धोका कोणापासून आहे, यावर ते लपवण्याची जागा ठरते.

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून, भोवती खडे रचून ती बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावरील काळपट डागांमुळे ही अंडी खड्यांमध्ये मिसळून जातात आणि चार पावलांवरूनही दिसत नाहीत. कुत्रा किंवा माणूस जवळ आला, तर टिटवी घरट्यावरून गुपचूप दूर चालत जाते आणि भलत्याच ठिकाणी आरडाओरडा करते. कडक उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, हा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही. पण त्यानिमित्ताने बांधावरची अंडी जपली जातात, हेही खरे.

कोकिळेची तऱ्हा निराळी. ती आपले अंडे कावळ्याच्याच घरट्यात लपवते. नर कोकीळ कावळ्यांना चिथावून दूर नेतो आणि तेवढ्यात ठिपकेदार तपकिरी मादी अंडे घालून निघून जाते. (गातो तो नर, कवितांमधील कोकिळा मात्र स्त्रीलिंगीच राहिली आहे.) कोकिळेचे अंडे १२ ते १४ दिवसांत उबते, कावळ्याचे १६-१७ दिवसांत. आधी जन्मलेले पिल्लू अर्थातच घास आधी मिळवते.

दिल्लीतील जुन्या झाडांवर राखी धनेशही आढळतो. त्याची मादी ढोलीत शिरून विष्ठा आणि मातीने दार लिंपून घेते. उरलेल्या अरुंद फटीतून नर तिला फळे भरवतो. ही तटबंदी भक्कम खरी, पण त्यासाठी मोठी ढोली असलेले झाड लागते आणि असे झाड तयार व्हायला अनेक दशके जातात.

अंडी पुरून निघून जाणारे प्राणीही आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पहारा कोणाचाच नसतो. कुत्री, कोल्हे आणि माणसे ही घरटी उकरत असत. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या मदतीने तेथे संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणातील तितक्याच खोल खड्ड्यात ठेवली जातात. खोलीला महत्त्व आहे, कारण वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरते. उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात.

टिटवीच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. अंडी दूर हलवली, तर ती उबवायला पालक तेथे येतीलच असे नाही. शहरात मोकळी जमीन फरशी आणि वाहनतळाखाली जाऊ लागली, तेव्हा काही टिटव्यांनी खडी पसरलेल्या सपाट गच्च्यांवर अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. तेथे कुत्रे पोहोचत नाहीत. मात्र टिटवी पिल्लांना घास भरवत नाही. अंड्यातून बाहेर पडताच त्यांना स्वतः किडे टिपावे लागतात आणि ते किडे खाली जमिनीवर असतात. पंख फुटायला अजून कित्येक आठवडे असतात.